गाढवाचा डावा पाय येईपर्यंत

मित्रांनो, जुना फोटो म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पिवळा पडलेला, कोपरे दुमडलेला कागद येत असेल. मी तसा नाही. मी जुना आहे खरा, पण मला दुमडायला कोपरेच नाहीत. मी कागदावर कधी उतरलोच नाही. माझं सगळं आयुष्य कॉम्प्युटरच्या पडद्यांवर गेलं. वय म्हणाल तर नऊ वर्षं. तुमच्यात नऊ वर्षांचा म्हणजे चौथीतला मुलगा. आमच्यात नऊ वर्षांचा म्हणजे पणजोबा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कोणी फिदीफिदी हसायला नको. माझ्यात एक गाढव आहे. कापडी, करड्या रंगाचं, सरळ समोर बघणारं. त्याचे तीन पाय करडे आहेत आणि पुढचा डावा पाय हिरव्या चौकटीच्या कापडाचा आहे. तो नंतर बसवलेला.

तो पाय बसवला टाकेकाकूंनी. मोडकीतोडकी खेळणी दुरुस्त करणं हा त्यांचा व्यवसाय. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. एका भिंतीला बटणांच्या बरण्या, दुसऱ्या भिंतीला कपाटं, आणि कपाटांत पेशंट. कोणाचा हात गेलेला, कोणाचा कापूस बाहेर आलेला, एका अस्वलाचं तर नुसतं डोकंच आलं होतं आणि काकूंनी त्याला खालचं सगळं नवीन शिवून दिलं होतं. आलेल्या प्रत्येक खेळण्याच्या पायाला काकू पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत आणि त्यावर त्याचा मुक्काम लिहीत. "डावं कपाट, तिसरा कप्पा, निळा डबा, मांजरीच्या मागे." नुसतं "डावं कपाट" लिहिलेलं त्यांना खपत नसे. अर्धा पत्ता लिहिणारा माणूस त्यांच्या मते अर्धवटच.

घरात दुसरं माणूस म्हणजे काका. ते आयुष्यभर गाडीत तिकिटं तपासत होते. निवृत्त झाल्यावर तपासायला तिकिटं उरली नाहीत, म्हणून ते घर तपासत. दुधाची पिशवी उलटी करून तारीख वाचत. शेजाऱ्यांचा कुत्रा दारावरून गेला तरी त्याला वरून खाली बघून घेत आणि मगच "जा" म्हणत.

माझा जन्म काकूंच्या फोनमधून झाला. मागे पांढरी चादर टांगून त्यांनी गाढवाचे सतरा फोटो काढले. पहिल्या तिघांत काकूंचा अंगठा होता. चौथ्यात चादर पकडलेले काका आले. पाचव्यात फक्त काकांचं पोट आलं. मग चादर खिळ्याला अडकवली आणि काकांना बाहेर पाठवलं. सतराव्या वेळी मी निघालो. कानांच्या टोकांपासून खुरांपर्यंत अख्खं गाढव, कुठे काही कापलेलं नाही. माझे सोळा भाऊ त्याच दुपारी पुसले गेले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, थोडा ताठाही आला.

पुढे गाढव त्याच्या मालकाकडे गेलं आणि मी एकटा कॉम्प्युटरमध्ये राहिलो. तिथे वर्षभर मला कोणी विचारलं नाही. मग एका सोमवारी सकाळी फोन वाजला. काकूंचे हात गोंदाने भरलेले असायचे, म्हणून त्या नेहमी फोन स्पीकरवर टाकून बोलत. त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"तुम्ही खेळणी दुरुस्त करता म्हणे?" पलीकडून एक करारी आवाज आला. दूरच्या एका गावातल्या इस्पितळातून मुलांच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर बोलत होत्या.

"करते की. काय झालंय? हात की पाय?"

"सगळंच झालंय. एकेचाळीस नग आहेत. एकाला डोळा नाही, एकाला सोंड नाही. आमचे भांडारवाले म्हणतात, फेकून देऊ, नवीन मागवू. नवीन कधी येतील देव जाणे. आणि माझी पोरं तीच फाटकी अस्वलं उराशी धरून सुई टोचून घेतात हो. शुक्रवारी चार वाजता भंगाराची गाडी येते. तोपर्यंत मला दुरुस्तीचा फॉर्म मंजूर करून घ्यायचाय."

"मी उद्याच येते," काकू म्हणाल्या. "नमुना म्हणून एखादं बरं झालेलं खेळणं घेऊन येते."

"छे छे! बाहेरचं खेळणं वॉर्डात आणायचं नाही, जंतू असतात. फॉर्मात रकाना आहे, 'कामाचा नमुना, वेबसाइटवर'. भांडारवाले स्वतः बघतात आणि सही करतात. तुमची वेबसाइट आहे ना?"

"आहे तर!" काकू म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. महिन्यापूर्वी त्यांनी वाचनालयातून 'नवशिक्यांसाठी' म्हणून एक पुस्तक आणलं होतं. त्यात बघून, एकेक अक्षर टाइप करून त्यांनी एक पान बनवलं होतं. वर नाव, खाली पत्ता आणि मध्ये "येथे खेळणी बरी होतात" एवढंच. "पण तिच्यात फोटो नाही अजून."

"मग घाला की एक. त्यात काय!"

मित्रांनो, "त्यात काय" हे दोन शब्द माणसं नेहमी दुसऱ्याच्या कामाबद्दल वापरतात.

काकूंनी हात धुतले आणि पुस्तकाचा सातवा धडा उघडला. फोटो कसा घालावा हे तिथे लिहिलं होतं. अमुक जागी फोटोचं नाव लिहा, असं म्हटलं होतं आणि नमुन्याला नुसतं एक नाव छापलं होतं. काकूंनी चष्मा वर केला. "नुसतं नाव? आणि पत्ता? ह्या पुस्तकवाल्याच्या घरी कपाटं नाहीत वाटतं."

आणि त्यांनी माझा पूर्ण पत्ता लिहिला. सी नावाची जागा, तिच्यात काकांच्या नावाची खोली, तिथे डेस्कटॉप, डेस्कटॉपवर 'कामाचं' नावाचा फोल्डर, त्याच्या आत 'जनावरं' नावाचा फोल्डर, आणि त्यात मी. कुठे कसर ठेवली नाही. मग डेस्कटॉपवरच्या त्या पानावर दोनदा क्लिक केलं, आणि मी पडद्यावर उभा!

"अहो, आलं! गाढव आलं!"

काका धावत आले. वरून खाली बघितलं. "आहे. चालेल," म्हणाले.

मग काकूंनी ते पान वेबसाइटवर चढवलं. पान गेलं. मला वाटलं, मीही गेलो. वेबसाइट म्हणजे काय असतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. तीच खिडकी, त्याच बरण्या, तेच काका दिसत होते. मी म्हटलं, असेल बुवा, वेबसाइट आपल्या घरासारखीच असेल. खरं म्हणजे निमंत्रण गावभर गेलं होतं आणि पाहुणा घरातच बसून होता.

मंगळवारी सकाळी काकूंनी धाकट्या बहिणीला फोन लावला. ती दुसऱ्या गावात राहायची. वय बावन्न, पण घरात नाव छोटी.

"छोटे, वेबसाइट उघड आणि गाढव कसं दिसतंय सांग."

थोडा वेळ टकटक ऐकू आली. "ताई, गाढव नाहीये. एक चौकोन आहे. आणि त्यात फाटक्या कोपऱ्याचं एक एवढंसं चित्र."

"नीट बघ. मी आत्ता त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बसलेय."

"मी चौकोनात डोळे घालून बसलेय."

"तुझं ते मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालंय ना गं?"

"ताई! मला आता समोरच्या गच्चीवरच्या चिमट्यांचे रंग सांगता येतात. दोन निळे, एक गुलाबी."

"मग एवढं मोठं गाढव का दिसत नाही?"

"तू घातलं नाहीस म्हणून!"

"मी घातलं नाही? तुझ्या मेहुण्यांना विचार. त्यांनी तपासलंय."

काकांनी लांबूनच आवाज टाकला, "आहे, आहे!"

"मग बसा दोघं गाढवाकडे बघत," असं म्हणून छोटीने फोन ठेवला. दोघी बहिणी रोज सकाळी बोलायच्या. त्या दिवसापासून ते बंद झालं.

बुधवारी मोठ्या सिस्टरांचा फोन आला. "बाई, इथे चौकोन दिसतोय."

आता मोठ्या सिस्टरांना मोतीबिंदूबद्दल विचारायची सोय नव्हती. काकू म्हणाल्या, "तुमचा कॉम्प्युटर जुना असेल."

"जुना आहेच. पण बाकीचं सगळं दिसतं. दमानं दिसतं, पण दिसतं. आणि शुक्रवार काही पुढे सरकत नाही बरं का."

गुरुवारभर काकूंनी सगळे उपाय केले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पडद्याची धूळ पुसली. मला पानातून काढलं आणि पुन्हा घातलं, पण पत्ता तोच, पूर्ण, बिनचूक. प्रत्येक वेळी मी दिसत होतो. प्रत्येक वेळी काका "आहे" म्हणत होते. शेवटी काकांनी स्वतःच इस्पितळात फोन लावला. "हे बघा सिस्टर, मी अठ्ठावीस वर्षं तपासणीत काढली आहेत. फोटो आहे."

"असेल," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्याकडे असेल. माझ्याकडे एकेचाळीस खेळणी खोक्यात भरून झाली आहेत."

काकांनी फोन ठेवला आणि पुन्हा एकदा पडदा तपासला.

शुक्रवारी सकाळी काकू आवरायला बसल्या. त्यांचं मन ठिकाणावर नसलं की त्या आवरत. आधी बटणं आवरली, मग कपाटं. मग राहिलं काय, म्हणून कॉम्प्युटर आवरायला घेतला. 'जनावरं' ह्या फोल्डरात फार दाटी झाली होती. काकूंनी 'बरी झालेली जनावरं' असा नवा फोल्डर केला आणि मला उचलून त्यात ठेवलं. मला नवी जागा आवडली. मोकळी होती.

मग सुस्कारा टाकून त्यांनी शेवटचं म्हणून ते पान उघडलं.

मी तिथे नव्हतो. तिथे एक चौकोन होता. त्यात फाटक्या कोपऱ्याचं एक एवढंसं चित्र.

"अहो," काकू अगदी हळू म्हणाल्या. "इकडे या. काय दिसतंय?"

काकांनी वाकून बघितलं. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. "चौकोन."

"कोपरा फाटलेला?"

"फाटलेला."

सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेला अंगुस्ताना काकूंनी काढला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाल्या, "फोटो मी हलवला. पान तिथलं तिथेच आहे. म्हणजे हे पान माझ्या फोल्डरात डोकावून बघत होतं. तिथे फोटो सापडला नाही, म्हणून चौकोन." त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. "अहो, छोटीच्या घरी ते कुठे डोकावणार? तिच्याकडे माझं कपाट कुठाय? फोटो घराबाहेर गेलाच नाही! मी पान पाठवलं आणि फोटो घरी ठेवला. आणि आपण दोघं चार दिवस आपल्याच टेबलावर बघून 'आहे, आहे' करतोय."

"पण आहे असं मी म्हणालो ते चूक नव्हतं," काका म्हणाले.

"नव्हतं. गप्प बसा."

काकूंनी आधी इस्पितळात फोन केला नाही. आधी बहिणीला केला.

"छोटे, चुकले मी."

"काय? आवाज तुटतोय."

"चुकले म्हटलं!"

"अजून तुटतोय. एकदा आणखी म्हण."

"छोटे, शुक्रवार आहे, बारा वाजलेत, आणि माझ्या एकेचाळीस पेशंटांना चार वाजता भंगारवाला नेणार आहे. टोमणे उद्या मार. आत्ता मला तुझे डोळे हवेत."

"बोल," छोटी म्हणाली.

मग मला खरोखर पाठवण्यात आलं. पडद्यावर एक निळी पट्टी भरत गेली आणि मी पुढे पुढे सरकत गेलो. गंमत अशी की मी गेलोही आणि मागे टेबलावर राहिलोही. माणसांना हे जमत नाही, त्यामुळे त्यांना ते पटत नाही. पण आम्हांला जमतं. वेबसाइटची जागा घरासारखी मुळीच नव्हती. तिथे बरण्या नाहीत, काका नाहीत, नुसतं ते पान आणि शेजारी मी. काकूंनी माझा तो लांबलचक पत्ता खोडला आणि पुस्तकात होतं तसं नुसतं नाव लिहिलं. शेजारी बसलेल्याला हाक मारायला पूर्ण पत्ता कशाला लागतो?

"आलं!" छोटी फोनवर ओरडली. "पण ताई, हे काय आहे? काळं भोक दिसतंय एक."

"काळं भोक?"

"थांब, सरकवते. नाकपुडी आहे! अगं, केवढं आणलंस हे गाढव! माझ्या पडद्यावर नुसती नाकपुडी मावतेय. कान बघायला मला वरच्या मजल्यावर जावं लागेल."

घरीही मी एका पडद्यात मावत नव्हतोच, पण तिथे काकू-काका मी दिसतोय ह्यातच खूश होते. काकूंनी धडा पुन्हा उघडला. फोटोची रुंदी लिहायची असते, उंचीही लिहिता येते. काकूंनी दोन्ही लिहिलं, दोन्ही अंदाजाने.

"आता?"

"आता ते मुंगूस झालंय. लांबच लांब. पाय पोटाला चिकटलेत."

मित्रांनो, मला फार लाज वाटली. चार दिवस कोणाला दिसलो नाही आणि दिसलो तो असा. पण काकूंनी उंची खोडली, फक्त रुंदी ठेवली, आणि माझं अंग पुन्हा जागच्या जागी आलं.

धड्यात शेवटी आणखी एक सूचना होती. ज्यांना चित्र बघता येत नाही, किंवा ज्यांच्याकडे ते अजून पोहोचलेलं नाही, त्यांच्यासाठी चित्रात काय आहे ते शब्दांत लिहा. छोटी म्हणाली, "लिही 'गाढव' आणि उरक." पण आपलं पेशंट असं एका शब्दात उरकणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी मन लावून तीन ओळी लिहिल्या.

"आता छान दिसतंय," छोटी म्हणाली. "फक्त जरा सावकाश आलं बाई. मी आधण ठेवून, चहा गाळून आले, तेव्हा कुठे खुरं दिसली."

हे वाक्य काकूंनी नीट ऐकायला हवं होतं. त्यांनी मला दिसायला लहान केलं होतं, पण माझं वजन होतं तेवढंच होतं. जाड्या माणसाने घट्ट सदरा घातला म्हणून तो काही हलका होत नाही. पण तेव्हा तीन वाजले होते आणि काकू इस्पितळाचा नंबर फिरवत होत्या.

मुलांच्या वॉर्डातला कॉम्प्युटर खिडकीपाशी, दोन खाटांच्या मध्ये होता. साडेतीनला, औषधं वाटून झाल्यावर, मोठ्या सिस्टरांनी पान उघडलं. शेजारी भांडारवाले उभे होते. त्यांचा एक हात ढकलगाडीवर, ढकलगाडीवर खोकं, आणि खोक्यातून एक सोंड नसलेला हत्ती बाहेर डोकावत होता. तिथलं इंटरनेट इतकं बारीक होतं की मी म्हणजे सुईच्या भोकातून ओवायचं दोरखंड झालो. आधी माझे शब्द पोहोचले. मोठ्या सिस्टरांनी ते मोठ्याने वाचले.

"गाढव. पुढचा डावा पाय कुत्र्याने नेला होता, तो नवा बसवला आहे. आता कोणाचा आधार न घेता चार पायांवर उभं राहतं."

जवळच्या खाटेवर एक मुलगी होती. तिचा डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. ती कोपरांवर उठून बसली. "बघू?"

मग मी एकेक ओळ करून वरून खाली उतरायला लागलो.

"ही पांढरी भिंत आहे," भांडारवाले म्हणाले.

"ती मागची चादर आहे," सिस्टर म्हणाल्या.

"माझ्या रकान्यात चादर नाही."

तेवढ्यात कानांची टोकं आली. सलाईनचा स्टँड ढकलत एक लहान मुलगा पुढे आला होता. तो म्हणाला, "ससा!"

"गाढव लिहिलंय ना," प्लास्टरवाली म्हणाली.

"लिहिणाऱ्याला कळत नसेल. कान बघ ना. ससाच."

"माझं उद्याचं बिस्कीट. गाढव."

"माझं पण. ससा."

बघता बघता चालू शकणारी सगळी मुलं तिथे गोळा झाली आणि न चालणाऱ्यांनी आपल्या खाटा ओढून घ्यायला लावल्या. कपाळ आलं. डोळे आले. नाक आलं तसा सलाईनवाला हरला, पण त्याने लगेच सांगितलं की असे नाकाचे ससे असतात, त्याच्या मामाकडे आहेत. मग छाती आली आणि मी तिथेच अडकलो. इंटरनेट दमलं होतं. भिंतीवरचं घड्याळ मात्र दमलं नव्हतं. चार वाजले. खाली भंगाराच्या गाडीने भोंगा दिला.

"चला," भांडारवाले म्हणाले. "नमुना काही दिसला नाही."

"अहो, अर्धा दिसलाय," सिस्टर म्हणाल्या.

"मग काय अर्ध्या गाढवावर सही करू?"

"काका, थांबा ना," प्लास्टरवाली म्हणाली. "पाय येतोय."

भांडारवाल्यांनी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या पायाकडे बघितलं. मग पडद्याकडे. "कुठवर आलाय?"

"पोटापर्यंत."

खाली भोंगा पुन्हा वाजला. भांडारवाले खिडकीशी गेले, बाहेर वाकले आणि ओरडले, "अरे थांब जरा! पाय येतोय!"

"कोणाचा?" खालून आवाज आला.

"गाढवाचा!"

मग ड्रायव्हर ओरडला, "साहेब, येऊन येऊन कुठून येणार?"

"वेबसाइटवरून!"

ड्रायव्हरने आणखी पाच मिनिटं वाट बघितली, दोन भोंगे दिले आणि तो निघून गेला. भांडारवाल्यांना ते कळलंसुद्धा नाही. कारण मी पुन्हा उतरायला लागलो होतो. पोट झालं. मांड्या झाल्या. उजवा पाय करडा. आणि त्याच्या शेजारी, गुडघ्याच्या जरा वर, हिरव्या चौकटीची पहिली ओळ उमटली.

"हिरवा!" सगळा वॉर्ड एकदम ओरडला.

"हिरवा का?" सलाईनवाल्याने विचारलं.

"करडं कापड संपलं असेल," सिस्टर म्हणाल्या.

खुरं येईपर्यंत प्लास्टरवाली बघत राहिली. मी पूर्ण झालो, चार खुरं टेबलावर टेकली, तेव्हा तिने गंभीरपणे मान हलवली. "उभं आहे," ती म्हणाली. मग सिस्टरांना म्हणाली, "मला पण हिरवंच प्लास्टर द्यायला पाहिजे होतं तुम्ही."

भांडारवाल्यांनी चष्मा लावला आणि पडद्याला नाक लागेल एवढे ते वाकले. नव्या पायाची शिवण शोधत होते. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "टाके दिसत नाहीत," ते म्हणाले.

"दिसले असते तर तुम्ही नाही म्हणाला असतात," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी फॉर्म पुढे सरकवला.

त्यांनी सही केली. खोकं ढकलगाडीवरून उतरवलं गेलं. खिडकीतून खाली बघत भांडारवाले म्हणाले, "गाडी गेली वाटतं."

आणि तेवढ्यात सलाईनवाल्याचा हात कुठल्यातरी बटणावर पडला. पान पांढरं झालं आणि मी पुन्हा पहिल्या ओळीपासून उतरायला लागलो. मुलांना इतका आनंद झाला की काही विचारू नका. भांडारवाल्यांनी एक स्टूल ओढलं आणि बसले. "ह्या वेळी ससा निघाला तर मी सही परत घेईन," ते म्हणाले.

त्यानंतर एकेचाळीस खेळणी काकूंकडे आली, बरी झाली, उकळत्या पाण्यात न्हाऊन परत वॉर्डात गेली. प्रत्येकाचा फोटो निघाला. माझी तेव्हा फार वाहवा होत असे. काका येणाऱ्या प्रत्येकाला माझ्यापुढे उभं करून "हाच तो" म्हणत. मात्र भांडारवाल्यांनी फोन करून सांगितलंच, "बाई, काम उत्तम आहे, पण तुमचं गाढव फार जड आहे." मग काकूंनी पुढचा धडा वाचला आणि फोटोंचं वजन खरोखर कमी करायला शिकल्या. माझी एक हलकी प्रत झाली. आता कोणी पान उघडलं की ती क्षणात हजर होते. वाट बघावी लागत नाही, त्यामुळे ससा की गाढव ह्यावर पैजही लागत नाही.

नव्या फोटोंच्या खाली सरकत सरकत तीही आता पानाच्या पार तळाशी गेली आहे. आणि मी, मूळचा, जड, इथे एका फोल्डरात पडून आहे. दीड वर्षात मला कोणी उघडलेलं नाही. माझी तक्रार नाही. फक्त कॉम्प्युटर हल्ली मधूनच घरघरतो तेव्हा मला माझे पुसले गेलेले सोळा भाऊ आठवतात. तेव्हा मित्रांनो, तुमचे फोटो एकाच ठिकाणी ठेवू नका. एखादी प्रत दुसरीकडेही असू द्या. आम्हांला दोन ठिकाणी राहता येतं, पण कोणी ठेवलं तरच.

आणि आणखी एक मागणं आहे. तुम्ही काही दाखवलं आणि पलीकडचा म्हणाला, "मला दिसत नाही", तर त्याच्या डोळ्यांची चौकशी करू नका. उठा, त्याच्या जागी जाऊन उभे राहा आणि तिथून बघा. तो फार लांब असेल तर फोनवर विचारा, नक्की काय दिसतंय तुला? आणि तो जे सांगेल ते खरं धरून चाला, मग तो चौकोन का असेना.